कंट्रोलर लवू आणि काजीभाटाचा उच्चार

रातांब्यांचे दिवस होते. लवू आरोलकर पडवीत बसून कोकमासाठी रातांबे फोडत होता. बोटं मनगटापर्यंत लाल झाली होती. तेवढ्यात परजिल्ह्याच्या नंबरची एक पांढरी गाडी फाट्यावर येऊन थांबली. काच खाली झाली आणि आतून मोबाईलमधल्या नकाशावाल्या बाईचा आवाज बाहेर आला. ती बाई ‘मॅथ’च्या दिशेने डावीकडे वळायला सांगत होती.

“काका, मॅथचा रस्ता हाच ना?” गाडीतल्या गृहस्थाने विचारलं.

लवूने रातांबा टोपलीत टाकला. “गणिताचो मास्तर हंय कोण रवणत नाय,” तो म्हणाला.

गृहस्थ गोंधळला. त्याने मोबाईल काचेतून बाहेर काढून दाखवला. त्यावर इंग्रजीत गावाचं नाव होतं आणि ते इंग्रजी वाचून त्या माणसाने आणि त्या बाईने मिळून मठ गावाची शाळा करून टाकली होती. लवूने मग ऑफिसातलं मराठी काढलं. “गावाचं नाव मठ. ठ. ठसा, ठेच, ठोंब्या. म्हणून बघा.”

गृहस्थाने ‘मट्’ म्हटलं. लवूने त्याला उजव्या हाताचा रस्ता दाखवला. त्या रस्त्याने मठ सरळ येत नव्हतं, पण ज्याला नाव घेता येत नाही त्याने तीन किलोमीटर जास्त फिरलं तर लवूच्या मते काही बिघडत नव्हतं.

लवू असा होता, आणि तो तसा का होता हे तालुक्यातल्या कुणालाही विचारलं तरी सांगितलं असतं. एकतीस वर्षं तो एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होता. पिंजऱ्यासारख्या त्या खोलीत, समोर माईक, बाजूला पानाचा डबा, आणि वर छपराला भोंगा. तुळस, होडावडे, मातोंड, परुळे, आरोंदा, शिरोडा. वस्तीच्या गाड्या, शाळेच्या गाड्या, बाजाराच्या गाड्या. एकशे बेचाळीस नावं त्याच्या तोंडून रोज बाहेर पडायची. ‘तुळस’मधला ळ तो असा काही काढायचा की नुसतं ऐकून माणसाला मागच्या दारी वृंदावन दिसावं. त्याचा आवाज ऐकून आपल्याला झोपेतसुद्धा गाडी कळते, असं म्हाताऱ्या बायका म्हणायच्या. लवूने ते ऐकलं होतं आणि ते त्याच्या डोक्यात गेलं होतं.

चौकशीच्या खिडकीवर येऊन ‘कुदल’ची गाडी विचारणाऱ्याला तो सांगायचा, “कुदळ समोरच्या हार्डवेअरात मिळात. कुडाळाची गाडी तीन नंबराक लागता.” पाहणीला आलेल्या एका साहेबाने ‘परूले’ म्हटलं, तर लवूने साहेबाच्याच समोर माईक चालू करून “परुळे, परुळे, परुळे,” असं तीनदा पुकारलं. तेव्हा परुळ्याची गाडी लागलेलीच नव्हती. चार प्रवासी उगाच पिशव्या घेऊन धावले. साहेब पुढे लवूशी कधी बोलला नाही. लवूला ती आपल्यावरची मेहेरबानी वाटली.

निवृत्त झाल्यावर त्याच्या जागी ध्वनिमुद्रित बाई आली. लवू तिला ऐकायला एकदा मुद्दाम गेला. ती सगळी नावं एकाच गोड, धुतल्या-इस्त्रीच्या सुरात घेत होती; मातोंड आणि मुंबई तिला सारखीच. लवू बाकड्यावर पाच मिनिटं बसला, थुंकायला उठला आणि परत आला नाही.

मॅथवाली गाडी गेल्यावर आठ दिवसांनी त्याची मुलगी संचिता म्हापशाहून आली. ती तिथे इस्पितळात नर्स होती. लवू अजून मॅथमध्येच अडकलेला बघून तिने मोबाईल पुढे केला. “बाबा, ह्यो बघा इंटरनेटवरचो ज्ञानकोश. हेच्यात कोणीय लिवता. गावाच्या नावाफुडे उच्चार घालूक मिळता, आवाजसुद्धा घालूक मिळता. रातांबे फोडत गाळी घालण्यापरास ह्यां करा.”

“कोणीय लिवता?” लवू म्हणाला. “मगे तेची लायकी काय ती कळलीच.”

पण संचिता गेल्यावर तो ते बघत बसला. मठाच्या पानावर उच्चार नव्हता. पाल गावाच्या पानावर नव्हता; इंग्रजी वाचणारा त्याला ‘पॅल’ म्हणणार हे उघड होतं. तुळशीच्या पानावर लोकसंख्या होती, पिनकोड होता, पण तो ळ काढायचा कसा ह्याचा पत्ता नव्हता. नाव घेता येत नाही आणि डोकी मोजून ठेवली आहेत! लवूला त्या अख्ख्या ज्ञानकोशाची कीव आली, आणि कीव आली की तो कामाला लागायचा.

उच्चार लिहायची जगभर एकच लिपी असते, हे त्याला तिथे कळलं. टीला खाली आकडी काढली की आपला ट, एलला शेपूट फुटलं की आपला ळ. त्याने त्या खुणांचा तक्ता झेरॉक्सच्या दुकानातून मोठा काढून आणला, पडवीच्या भिंतीला कणकीने चिकटवला आणि चार महिने शाळकरी पोरासारखा घोकला. ‘चहा’तला च आणि ‘चाक’मधला च आपण एकाच अक्षराने लिहितो आणि खुणांच्या लिपीत ते वेगळे आहेत हे कळल्यावर त्याला सगळ्या मराठी शिक्षकांचा एकदम तिटकारा आला. आपल्याला शाळेत हे कुणी सांगितलं नव्हतं. बहुधा त्यांनाच ठाऊक नसणार.

मग रोज सकाळी चहा झाला की तो आवाज टिपायला बसायचा. आधी घसा साफ करायचा, मग पंखा बंद, मग कोंबड्या हाकलायच्या. सत्यवतीने, म्हणजे त्याच्या बायकोने, मिक्सर लावायचा नाही.

“अवो, ह्यां आयकणारो कोण आसा?” तिने एकदा विचारलं. “स्टँडवरचो भोंगो गेलो तर आता घरात भोंगो लावलात.”

“जग आयकतला.”

“जगाक आधी वाटप वाटूचा आसा,” सत्यवती म्हणाली आणि तिने मिक्सर लावला.

त्या दिवशीच्या ‘आजगाव’मागे खोबरं वाटल्याचा आवाज आहे.

साठेक गावं झाली तेव्हा त्याला शत्रू भेटला. ज्ञानकोशावर तो स्वतःला ‘शब्दयात्री’ म्हणवत होता आणि पुण्यात राहत होता. त्याने एका सकाळी लवूचे सहा उच्चार खोडले आणि खाली लिहिलं: “संदर्भ द्या.”

लवूने उत्तर लिहिलं: “संदर्भ मी स्वतः. एकतीस वर्षे नियंत्रक.”

शब्दयात्रीने लिहिलं: “व्यक्तिगत अनुभव हा संदर्भ होत नाही. छापील स्रोत असल्यास द्यावा.”

लवूचा दिवस त्यात गेला. पुण्याच्या माणसाला ळ येतो हे त्याला मान्य होतं, पण त्यापलीकडे काही येत असेल ह्याची खात्री नव्हती. त्याने उच्चार परत घातले. शब्दयात्रीने परत खोडले. तिसऱ्यांदा लवूने खाली लिहिलं: “आपण ह्या तालुक्यात कधी पाऊल तरी टाकले आहे काय? घरात बसून गावांना शहाणपण शिकवू नये.” हे वाक्य त्याला इतकं आवडलं की त्याने ते सत्यवतीला वाचून दाखवलं. ती कोलंबी सोलत होती. तिने पुढची कोलंबी उचलली.

शब्दयात्री काही दिवस गप्प बसला. लवूने तो आपला विजय मानला आणि त्या भरात एक नवीन पान स्वतःच तयार केलं. काजीभाटचं. खाडीच्या तोंडाला असलेली ती चाळीसेक घरांची वस्ती, कोकणी मुसलमानांची. दिवसातून दोन गाड्या, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. लवूने लिहिलं की उच्चार ‘काजीभाट’, त्यातला ज ‘जीभ’मधल्यासारखा, काजीची, म्हणजे काजूची, झाडं असलेलं भाट, म्हणजे बागायत, म्हणून हे नाव. खाली आपला आवाज जोडला. भरदार, स्वच्छ, कोंबड्यांशिवाय. तो त्याचा सर्वांत चांगला उच्चार होता.

दोन महिने ते तसंच राहिलं. मग एक दिवस कोणीतरी ज खोडून तिथे झ केला. लवूने पूर्ववत केलं. परत झ झाला. लवूने परत ज केला आणि लिहिलं, “अडाणी लोकांनी ढवळाढवळ करू नये.” त्याखाली उत्तर आलं:

“मी शिफा. नववीत आहे. मी काझीभाटला राहते. शाळेच्या प्रकल्पासाठी हे पान उघडलं. माझी आजी म्हणते की हा उच्चार चूक आहे आणि लिहिणाऱ्याने एकदा येऊन काजीचं झाड दाखवावं.”

लवूने त्याखाली लिहिलं, “संदर्भ द्या.” पाठवून झाल्यावर त्याने ते दोन शब्द एकदा वाचले आणि मोबाईल उशीखाली ठेवला.

शिफाची आजी त्याला बाजारात भेटली. सकिना नाव. सुक्या मासळीचा तिचा ठेला होता आणि लवू गेली कितीतरी वर्षं तिच्याकडून सुकट नेत होता, पण ती कुठली हे त्याने कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी त्याने सुकट मागितली तर तिने माप खाली ठेवलं.

“कंट्रोलर तुम्हीच मां?”

“होय.”

“इंटरनेटार आमच्या गावात काजी लावणारे पण तुम्हीच मां?”

लवूने मान ताठ केली. “बोर्डार काजीभाट लिवलला आसा. एकतीस वर्षां मी ताच सांगत इलंय.”

“बोर्ड रंगवणारो खंयचो कोण जाणा. तो काय थंय ऱ्हवाक नाय इल्लो.” सकिनाने सुक्या बांगड्यांच्या ढिगावरच्या माश्या हाकलल्या. “माझ्या घोवाचो पणजो काझी होतो. निकाह लावायचो. तेचा भाट ता. काझीभाट. मधमाशी कशी करता? झ्झ्झ् करता. तसो तो झ.”

“पुरावो काय?” लवू म्हणाला.

“पुरावो?” सकिना हसली. तिच्या बाजूच्या दोन कोळणीही हसल्या. “थंय खाजण आसा. भरतीचा पाणी दारात येता. खाऱ्या चिखलात काजी जगता? शेतकऱ्याचो झील मां तुम्ही? बरा, ता ऱ्हवांदे. तुम्ही कधी इल्लात आमच्याकडे?”

पुकारणाऱ्याला गाडीतून जायची काय गरज, असं तो म्हणू शकला असता. ते वाक्य तोंडापर्यंत आलंही. पण पुण्याच्या माणसाला आपण काय लिहिलं होतं ते त्याला आठवलं आणि ते वाक्य परत आत गेलं. त्याने सुकट न घेताच पिशवीची घडी केली. मागून सकिना म्हणाली, “सकाळची गाडी तुमका म्हायत आसा. तुम्हीच पुकारत होतात.”

तो गेला. मान्य करायला नव्हे. काजीचं एक तरी झाड सापडेल आणि त्या बाईचं तोंड बंद होईल, ह्या आशेने गेला. गाडीत खिडकीशी बसून तो दोन्ही बाजूंची झाडं बघत राहिला. शेवटच्या चढापर्यंत काजी होत्या, भरपूर होत्या. मग उतार लागला, माड सुरू झाले, माडांच्या मागे काळं खाजण, आणि खाजणात उपडी घातलेली एक होडी. कंडक्टरने बेल मारली. बोर्ड होता, पांढऱ्यावर काळा, ‘काजीभाट’. बोर्डाच्या खांबाला खाऱ्या वाऱ्याने गंज चढला होता. लवूने वस्तीला एक पूर्ण फेरी मारली. माड, भेंड, कांदळ, एका घरामागे शेवगा. काजीचं झाड नव्हतं.

थांब्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने त्याला हाक मारली. त्याचं नाव रफीक, पूर्वी तो होडीवर तांडेल होता. “कोणाकडे जावचा?”

लवूने सकिनाचं नाव सांगितलं. आवाज ऐकल्याबरोबर म्हातारा उठून उभा राहिला आणि आनंदाने ओरडला, “अरे, काजीवालो इलो! काजीवालो!”

दोन घरांतून माणसं बाहेर आली. लवूला आधी कळेना हे काय चाललंय. मग सकिनाच्या ओटीवर, चहाचा कप हातात घेऊन, त्याला ते समजलं. ह्या वस्तीत गेली तीस वर्षं त्याला काजीवाला म्हणत होते. संध्याकाळी भोंग्यातून “काजीभाट, काजीभाट” आलं की बाजारातून परतणाऱ्या बायका एकमेकींना कोपर मारायच्या: “चला गो, काजी भाजूक घेतलान.” पोरं खेळात त्याची नक्कल करायची, नाकातून, छाती फुगवून. एका लग्नात तर त्याची नक्कल करणाऱ्याला बक्षीस मिळालं होतं.

“मगे एकान तरी सांगूचा नाय?” लवू म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच बारीक वाटला.

“कोणाक सांगतलो?” रफीक म्हणाला. “मी एकदा खिडकीर इल्लंय सांगूक. तुम्ही म्हणालात, ‘गाडी चार नंबराक, नीट आयकत जा.’ मगे मी म्हटलंय, ऱ्हवांदे. बोलांदे तेका.”

सकिना तेवढ्याने थांबणारी नव्हती. तिने शिफाला मोबाईल आणायला लावला आणि लवूला म्हणाली, “आता म्हणा.”

लवूने म्हटलं. ज आला. पुन्हा म्हटलं. ‘झेंडा’मधला झ आला, जड आणि ओला. तिसऱ्यांदा नुसती शिट्टी आली. ज्या घशाने तालुका पुकारला तो घसा त्या ओटीवर एका अक्षराशी झटत होता आणि नववीतली ती मुलगी ओढणी तोंडात कोंबून हसत होती. त्या क्षणी लवूला तिचा, तिच्या आजीचा, त्या तांडेलाचा, आणि त्या गंजक्या बोर्डाचा मनापासून राग आला. स्वतःचाही आला, पण तो त्याने शेवटी ठेवला.

“तुम्हीच म्हणा,” तो सकिनाला म्हणाला. “मी टिपतंय.”

सकिनाने पदर डोक्यावर नीट घेतला, जणू फोटो काढायचा आहे, आणि एकदाच म्हटलं. “काझीभाट.” मागे पाण्याचा आवाज होता. लवूने दुसऱ्यांदा म्हणायला लावलं नाही.

घरी येऊन त्याने आपला आवाज काढून टाकला, काजूची गोष्ट खोडली आणि सकिनाचा आवाज घातला. दुसऱ्या दिवशी शब्दयात्री जागा झाला. त्याने लिहिलं: “आधीचा उच्चार व व्युत्पत्ती चूक होती असे आपणच कबूल केले आहे. त्यामुळे आपले उरलेले उच्चारही विश्वासार्ह धरता येत नाहीत. सर्व काढत आहे.” आणि त्याने साठच्या साठ काढले.

लवूने दोन दिवस ना पंखा बंद केला ना कोंबड्या हाकलल्या. तिसऱ्या दिवशी त्याने कागद घेतला, एकशे बेचाळीस नावं आठवून आठवून लिहिली आणि जिथे आपण खरोखर उतरलो होतो त्यांच्यापुढे फुली मारली. अडतीस फुल्या झाल्या. त्यातल्या निम्म्या लग्नाच्या नाहीतर मयताच्या.

“मठात तरी गेलेलात?” सत्यवतीने खांद्यावरून वाकून विचारलं.

“मठात गेल्लंय,” लवू खेकसला.

त्याने शब्दयात्रीला लिहिलं की गावच्या राहणाऱ्या माणसाचा आवाज असेल तर चालेल का. ते त्याने दोनदा लिहून खोडलं, तिसऱ्यांदा पाठवलं. उत्तर आलं: “आवाज व टिपल्याची तारीख दिल्यास ठेवता येईल. हे आधीच सांगायला हवे होते.” कोणी सांगायला हवं होतं, हे त्या शहाण्याने स्पष्ट केलं नव्हतं. लवूने ते आपल्या बाजूने धरलं.

तेव्हापासून तो फिरतो. आठवड्यातून तीन दिवस, पहिल्या गाडीने, डब्यात घावणे आणि चटणी घेऊन. वाटेत ध्वनिमुद्रित बाईवर तोंडसुख घेतो, गाव आलं की उतरतो आणि थांब्यावर जो भेटेल त्याला म्हणतो, “तुमच्या गावाचा नाव घ्या.” लोक आधी त्याला मतदार यादीवाला समजतात. मग नाव घेतात. कधी तो पुकारायचा तसंच निघतं, आणि मग तो दिवसभर खूश असतो आणि त्या गावाला शहाणं म्हणतो. आतापर्यंत अकरा ठिकाणी वेगळं निघालं. त्या अकरा गावांबद्दल त्याचं मत चांगलं नाही.

परवा तो डोंगराच्या पोटातल्या भेंडव्यात गेला होता. खालच्या वाडीतल्या मंगेशने नाव ‘भेंडवें’ म्हणून घेतलं, शेवट नाकात ओढून. वरच्या वाडीत त्याचाच सख्खा भाऊ निलेश राहतो. त्याने नाक अजिबात न वापरता ‘भेंडवे’ म्हटलं आणि खालचे लोक सर्दाळलेले आहेत असं वर सांगितलं. दोघे भाऊ रस्त्याच्या दोन कडांना उभे राहून आपापलं नाव एकमेकांच्या अंगावर टाकायला लागले. आरडाओरडा ऐकून राधाबाई नावाची एक म्हातारी काठी टेकत आली आणि म्हणाली, “दोगांय मूर्ख. माझ्या सासऱ्याच्या टायमाक गावाचा नाव भेंडवण होता.”

लवूने तिघांकडे पाहिलं. एका वितीच्या गावात तीन नावं आणि एकालाही लाज नाही. त्याने तिघांना ओळीने उभं केलं, गप्प बसवलं, एकेकाच्या तोंडापुढे मोबाईल धरला, कागदावर तीन नावं आणि तारीख लिहिली, आणि कोणाचेही आभार न मानता पावणेपाचच्या गाडीसाठी वडाखालच्या कट्ट्यावर जाऊन बसला.